वॉरिकची पदकं

१७ फेब्रुवारी

डॉक्टरणीने सांगितलंय, मनात येईल ते लिहून काढत जा, रक्तदाब उतरेल. नाताळापासून लिहितेय. रक्तदाब आहे तिथेच आहे, पण आता लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आज हॉलमध्ये अँझॅक दिनाची, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या सैनिक-स्मरणदिनाची बैठक होती. बाहेर ऊन आग ओकतंय आणि आल्फ पेंडर म्हणे, पंखा लावू नका, कागद उडतील. कागद होता एकच. आल्फ आमच्या स्मारक समितीचा अध्यक्ष. व्हिएतनामला जाऊन आलेला. खुब्याचं हाड बदलल्यापासून त्याला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून यंदा पहाटेचा सगळा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर मला तो हवाच होता. गेल्या वर्षी ऐन मौनाच्या आधी बिगुलाऐवजी स्पीकरमधून क्रिकेटचं समालोचन सुरू झालं आणि अख्खं टारानूक गाव माना खाली घालून हसलं. माझ्या हाती असतं तर हे झालं नसतं.

शेवटी ग्वेन स्कली उठली. दर वर्षीचंच. "कॉलमचं नाव स्मारकावर घाला." तिचा मुलगा कॉलम सैन्याबरोबर पूर्व तिमोरला गेला होता. धडधाकट परत आला आणि मग काही वर्षांनी घरीच त्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं. वाईट झालं, कोण नाही म्हणतंय? पण स्मारकाच्या पाटीवर स्वच्छ कोरलंय, रणात पडलेल्यांसाठी. मीच ते मोठ्याने म्हणून दाखवलं. "ग्वेन, पाटी म्हणजे शाळेचा हजेरीपट नाही." ती खाली बसली. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मग आल्फ म्हणाला, चला, चहा घेऊ.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण आज हिचं ऐकलं तर उद्या कोणाकोणाचं ऐकायचं!

आणि मी मनात पक्कं केलंय. यंदा स्मारकापुढे शहिदांच्या स्मरणाच्या त्या चार ओळी माझा मुलगा वॉरिक म्हणणार. पदकं लावून, पहिल्या रांगेत, सगळ्या गावादेखत. एकदा तो तसा ताठ उभा राहिला ना, की सुटेल यातून. मला खात्री आहे.

२० फेब्रुवारी

वॉरिकला विचारलं. शेडच्या दाराशी पायरीवर बसला होता, त्याची कुत्री मिज त्याच्या पायावर हनुवटी ठेवून. बायको सोडून गेली तेव्हापासून तो मागच्या शेडमध्येच राहतो. घरात खोली रिकामी आहे, मी किती वेळा सांगितलं. दिवसा झोपतो, संध्याकाळी कुत्रीला घेऊन धान्याच्या कोठारांपर्यंत रुळांच्या कडेने चालत जातो. गावात पाऊल टाकत नाही. किराणा आणायचा तर पन्नास मैल लांबच्या गावी जातो, जिथे त्याला कोणी ओळखत नाही.

"पंचवीस एप्रिलला तू म्हणायचंस."

"काय?"

"काय म्हणजे? स्मारकापुढे. मी सांगून टाकलंय सगळ्यांना."

"नको, आई."

"का नको? अफगाणिस्तानात दोनदा गेलास, तिथे काय नुसता चहा पीत बसला होतास?"

"बराच वेळ चहाच पीत होतो."

असं बोलतो. हसावं की दोन फटके द्यावेत, कळत नाही. मी सांगितलं, विचार कर. तो म्हणाला, करतो. म्हणजे करणार नाही.

२८ फेब्रुवारी

आज बाबांची फार आठवण आली. ते न्यू गिनीच्या जंगलातल्या लढाईतून आले तेव्हा त्यांचं वजन माझ्या आईपेक्षा कमी होतं म्हणे. पण कधी एक अक्षर काढलं नाही त्यांनी. तक्रार नाही, रडगाणं नाही. रोज संध्याकाळी खुराड्यात जायचे, दार आतून लावून घ्यायचे आणि अंधार पडेपर्यंत बसायचे. आम्ही हाका मारायचो तरी बाहेर येत नसत. कोंबड्यांची फार माया त्यांना.

हे मी वॉरिकला कितीदा सांगते. तुझे आजोबा बोलले नाहीत काही, आणि जगले की नाही चांगले?

१२ मार्च

मंगळवार, म्हणजे विणकाम. स्मारकाच्या कुंपणाला दर वर्षी लोकरीची लाल फुलं बांधतो आम्ही, पाटीवरच्या एकेका नावाचं एक. वारा आणि पोपट मिळून त्यांची वाट लावतात, म्हणून दर वर्षी नवी लागतात. हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जणी जमतो. विणायचं कमी आणि जिभेचे टाके जास्त. आज डॉटने सांगितलं, नव्या पाद्रीबुवांना लोकरीची ॲलर्जी आहे. हसून हसून माझा एक टाका सुटला.

ग्वेन येते, कोपऱ्यात बसते, कोणापेक्षाही भराभर विणते. जाताना एक फूल गुपचूप कोटाच्या खिशात टाकते. दर वर्षी. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. मी पण दुसरीकडे बघते. तेवढं मन आहे मला.

२६ मार्च

आज मोठं भांडण झालं. मीच सुरुवात केली म्हणायला हरकत नाही. त्याचा कोट मी धोब्याकडून आणला होता. तो शेडमध्ये नेऊन टांगला आणि म्हटलं, एकदा घालून बघ, पोटात बसतो का.

तो म्हणाला, "आई, तुला त्या पाटीवरच्या एका तरी माणसाबद्दल माहीत आहे का, कसा मेला तो?"

मी म्हटलं, "देशासाठी मेला. आणखी काय माहीत असायला हवं?"

मग तो खाली वाकला. मिजच्या कानामागे खाजवत होता. आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "आई, तिथे एकदा एका घरात आम्ही गेलो होतो. पहाटे. आत एक बाई होती आणि..."

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "आता ते उगाळून काय मिळणार आहे बाळा? पुढे बघ." चेहरा असा झाला होता त्याचा, मला बघवेना. जखमेवरची खपली काढायची नाही, एवढं तर मला कळतं.

तो म्हणाला, "बरं."

मग मी कोट तिथेच ठेवून आले.

४ एप्रिल

देवा रे, पावलास!

सकाळी उठून बघते तर वॉरिक शिडीवर. पन्हळी साफ करतोय! वर्षभराचा पाला, पोपटांची घाण, सगळं काढून टाकलं. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. मागच्या दाराचं कुरकुरणं थांबवलं. दाढी केलेली, अंगात स्वच्छ शर्ट. नाश्त्याला टेबलाशी येऊन बसला आणि दोन अंडी खाल्ली.

मी भीतभीतच विषय काढला, तर म्हणाला, "येतो आई. म्हणतो मी त्या ओळी."

मी म्हटलं, "चेष्टा करतोस?"

"नाही गं. तुला एवढं वाटतंय तर म्हणतो."

मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं. त्याला कळलं बहुतेक. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला त्याने. किती महिन्यांनी! डोळे कसे निवळले होते त्याचे, मोठं ओझं उतरल्यावर दिसतात तसे. मला माहीत होतं, पहिल्या रांगेत उभं राहायचं म्हटलं की माणूस सावरतो. डॉक्टर, गोळ्या, ते फोनवरचे समुपदेशक, सगळे एका बाजूला. आईला कळतं ते कोणाला कळत नाही.

९ एप्रिल

वॉरिकने मिजला आल्फकडे दिलं. मी म्हटलं, अरे, जीव की प्राण ना ती तुझा! तर म्हणाला, पश्चिमेला खाणीत कामाचं बघतोय, तिकडे कुत्री नेता येत नाही. खाणीत काम! मला इतका आनंद झाला! लांब जाईल, वाईट वाटेल, पण माणसात जाईल ना. आल्फ सांगत होता, मिज संध्याकाळभर फाटकापाशी बसून होती, खाल्लं नाही. होईल तिला सवय.

आपली करवतही त्याने शेजारच्या रेगला देऊन टाकली. नुसती उदारता अंगात आलीय.

एक मात्र मला पटलं नाही. काल गाडीभर लाकडं फोडून ती ग्वेन स्कलीकडे टाकून आला. दीड-दोन तास तिथेच होता म्हणे. मी विचारलं, "तिच्याशी काय एवढं बोलायचं असतं?"

"काही नाही. चहा प्यायलो."

"चहा आपल्याकडे संपलाय का?"

हसला. पूर्वीसारखा हसला, कानांपर्यंत खांदे उचलून. शाळेत असताना हसायचा तसा.

१५ एप्रिल

ग्वेन आली होती. आत्ताच गेली. गेली म्हणजे मी घालवली. रागाने अक्षर वेडंवाकडं येतंय.

मी बिस्किटं करत होते, हॉलसाठी, ओटची. ती आत आली ती बसलीच नाही. म्हणाली, "नोरीन, वॉरिकवर लक्ष ठेव."

मी म्हटलं, "माझा वॉरिक कधी नव्हता एवढा मजेत आहे."

"म्हणूनच सांगतेय. कॉलमही शेवटी असाच मजेत होता. मलाही वाटलं, सुटलो बाई एकदाचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुझं झालं म्हणून सगळ्या जगाचं व्हायला हवं का? माझा मुलगा जरा हसला तर तुझ्या पोटात का दुखतं? पाटीवर नाव घातलं नाही त्याचा सूड उगवतेस होय?"

तिने मान हलवली. "त्याला एकटं सोडू नकोस. डॉक्टरांना फोन कर. मी येऊन बसते हवं तर."

"तू आधी माझ्या घरातून जा."

ती गेली. दारात एकदा थांबली. बिस्किटांची पहिली ताटली करपली ती वेगळीच. मनात कडू असलं की माणूस दुसऱ्याच्या घरात विष कालवतो. वॉरिकला यातलं काही सांगणार नाही. उगीच बिथरायचा.

२३ एप्रिल

संध्याकाळी बाबांची पदकं घासायला बसले होते. दर वर्षी मी ती लावते, उजवीकडे. ज्याची त्याने डाव्या छातीवर लावायची, आणि माणूस गेलेला असला की त्याच्या घरच्यांनी उजवीकडे. इथे शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक असतं.

वॉरिक आला, समोर बसला. खिशातून त्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. "यांनाही घास."

मी उघडून बघितला. किती दिवसांनी बघत होते! फडकं घेऊन एकेक असं चकचकीत केलं की तोंड दिसावं. म्हटलं, "परवा गाडीतच लावू या. तू हॉलमध्ये लावायला लागलास तर डॉट मध्ये मध्ये करेल."

तो म्हणाला, "तूच लाव आई. उजवीकडे."

मला इतकं हसू आलं! म्हटलं, "बारा वर्षं सैन्यात काढलीस आणि बाजू विसरलास? उजवीकडे लावलीस तर आल्फ तुला रांगेतून बाहेर काढेल. डावीकडे, राजा, डावीकडे!"

तोही हसला. म्हणाला, "हो, चुकलंच."

डबा मी माझ्या पर्समध्ये ठेवलाय, म्हणजे तो विसरायला नको. मग आम्ही बसून जुने फोटो बघितले. क्लेमचा, त्याच्या वडिलांचा, गव्हाच्या मळणीच्या वेळचा फोटो त्याने मागून घेतला. झोपायला जाताना मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मी म्हटलं, अरे पुरे, बरगड्या मोडशील म्हातारीच्या.

इतकं सुख मला क्लेम गेल्यापासून मिळालं नव्हतं.

२५ एप्रिल, सकाळी, हॉलच्या स्वयंपाकघरात

आला नाही!

काल म्हणाला, तू पुढे जा, तुला तयारी करायचीय, मी माझा येतो. मी विश्वास ठेवला. अंधारात स्मारकापाशी उभी होते पर्स छातीशी धरून, रस्त्याकडे डोळे लावून. गाडी आली की वाटायचं, हा आला. थंडी अशी की बोटं बधिर. सगळं गाव आलं होतं, इतकी माणसं गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. बिगुलाची धून बिनचूक वाजली. आणि ओळी म्हणायची वेळ आली तेव्हा पहिल्या रांगेत त्याची जागा रिकामी. आल्फ माझ्याकडे बघतोय, डॉट बघतेय. शेवटी मीच पुढे झाले आणि म्हटल्या. आवाज जराही कापला नाही. संतापाने बळ आलं होतं मला.

आता सगळे हॉलमध्ये रम घातलेला चहा पिताहेत, सॉसेज तळून तळून माझे हात तेलकट झालेत. जो तो विचारतोय, वॉरिक कुठे? मी म्हणते, बरं नाही त्याला. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही कार्ट्याने. झोपला असेल. सांगायचं होतं ना सरळ, जमत नाही म्हणून! मी काय त्याला खाल्लं असतं?

आत्ता ग्वेन आत आली. चेहरा पांढराफटक. "नोरीन, वॉरिक कुठे आहे?" मी म्हटलं, घरी, झोपलाय, आणि तुला कशाला पाहिजे चौकशी. तर ती हातातला कप तसाच सोडून बाहेर पळाली. कप फुटला. बाहेर तिची गाडी धूळ उडवत गेली. काय नाटकी बाई आहे! तुकडे मलाच गोळा करावे लागले.

पदकांचा डबा अजून पर्समध्येच आहे. एवढ्या बश्या विसळते आणि घरी जाते. आज असा फैलावर घेते त्याला की जन्मभर आठवण ठेवेल.

१६ मे

ग्वेनने मला अंगणातच धरलं. शेडपर्यंत जाऊ दिलं नाही. मी तिला ओरबाडलं, चावले म्हणतात, तरी तिने सोडलं नाही.

एवढंच लिहू शकते.

२८ मे

कोणी ना कोणी जेवणाची भांडी आणून ठेवतं. फ्रीजमध्ये जागा नाही. घशाखाली उतरत नाही. पन्हळींकडे बघते. एक पान नाही त्यांत. सुरीने पाव कापायला घेतला तर एका झटक्यात खाली. दार कुरकुरत नाही. सगळं घर त्याने माझ्यासाठी नीटनेटकं करून ठेवलं आणि मी त्याला शाबासकी देत होते.

फोटो, कुत्री, करवत. आंधळ्यालाही दिसलं असतं. मला आनंद झाला. आनंद झाला मला!

२ जून

आल्फ आला. मिज बरोबर होती. ती सरळ शेडकडे गेली आणि दाराशी बसली. आल्फने तिला उचलून आणलं, खुब्याचं दुखणं असून.

बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत होता. मग म्हणाला, "नोरीन, आम्ही बसलो होतो सगळे. वॉरिकचं नाव घालू या पाटीवर. कोणी नाही म्हणणार नाही."

पहिल्यांदा मी हो म्हणणार होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. नाव कोरलेलं असेल, हात फिरवता येईल. हवं आहे मला ते, हे लिहायला लाज वाटत नाही. भुकेल्यासारखं हवं आहे.

मग विचारलं, "आणि कॉलमचं?"

"ते आता जुनं झालं गं. आणि ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं आल्फ?"

तो टोपीकडे बघत राहिला. त्याला काय दोष देऊ? हे शब्द माझेच होते. त्याने ते माझ्याकडूनच ऐकले होते, भर बैठकीत, दर वर्षी.

मी म्हटलं, घालायची तर दोन्ही नावं घाला. तो म्हणाला, मग वरती विचारावं लागेल, बघतो. बघतो म्हणजे काय ते मला समजतं. मीही कित्येक वर्षं ग्वेनला बघते म्हणत आलेय.

९ जून

ग्वेनकडे गेले. तिचं घर ठाऊक होतं, पण उंबरा कधी ओलांडला नव्हता. तिने दार उघडलं आणि नुसती बाजूला झाली. तिच्या मनगटावर अजून माझ्या दातांची खूण आहे, पिवळी पडलेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत लोकरीची लाल फुलं ओळीने लावलेली. जुनी उन्हाने गुलाबी झालेली. कोटाच्या खिशातून आणलेली, दर वर्षी एक. शेवटी दोन नवी.

माफी मागायला गेले होते, पण तोंडातून भलतंच आलं. "त्या दिवशी लाकडं टाकायला आला होता. काय बोलला?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "इथेच बसला होता. तू बसलीस त्या खुर्चीवर. कॉलमबद्दल विचारत होता. मग म्हणाला, 'कॉलम गेल्यावर तू कशी जगलीस?'"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, जमतं. आधी वाटतं नाही जमणार, पण मग जमतं रे."

मी खिडकीतल्या फुलांकडे बघत होते.

"नोरीन, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. या गावात एकाही माणसाने नाही. मला वाटलं, माझी विचारपूस करतोय. बरं वाटलं मला. म्हणून जरा चांगलं सांगितलं, उगाच पोराला कशाला जड करायचं म्हणून. तो गेला, आणि कप विसळताना माझ्या लक्षात आलं, तो माझ्याबद्दल विचारत नव्हता. तुझ्याबद्दल विचारत होता."

नळ टपकत होता. ती तो घट्ट करायला वळली आणि तशीच पाठ करून उभी राहिली.

"म्हणून आले होते मी तुझ्याकडे. उशीर केला. आठवडाभर धीर होईना. तू मला उभी करशील की नाही, याचाच विचार करत बसले."

आणि मी तिला उभी केली नाही. ते ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मी विचारलं, "खरंच जमतं का गं?"

"नाही," ती म्हणाली.

मग तिने चहा केला. आम्ही तो प्यायलो नाही. अंधार पडेपर्यंत बसून होतो. मला एकाएकी बाबा आठवले, खुराड्याचं दार आतून लावून घेतलेले. कोंबड्यांची माया म्हणे!

२५ एप्रिल, पहाटे

गेल्या जूनपासून या वहीला हात लावला नव्हता. डॉक्टरणीने विचारलं की खोटं सांगते, लिहिते म्हणून.

पाटीवर दोघांचंही नाव नाही. आल्फने वरती विचारलं, वरच्यांनी पाटीवरची ओळ वाचून दाखवली. मी वाचायचे तशीच, शब्दाला शब्द. यंदाचा कार्यक्रम डॉटकडे आहे. मी जाणार नव्हते. ग्वेनने निरोप ठेवला, मी न्यायला येते, आपण कुंपणाबाहेर उभ्या राहू, कोणाशी बोलायला नको.

काळा कोट घातला. त्या दिवशीची पर्स कपाटातून काढली. वर्षभर ती मी उघडली नव्हती. आत रुमाल, चष्मा, कार्यक्रमाचा घडी घातलेला कागद आणि डबा. पदकं मी घासून ठेवली तशीच होती, लखलखीत. आरशासमोर उभी राहिले आणि टाचणी उघडली. हात सवयीने डावीकडे गेला. वॉरिकची म्हणजे डावीकडे, पहिल्या रांगेत, सगळ्या गावादेखत. वर्षानुवर्षं तेच चित्र डोक्यात घेऊन बसले होते मी.

मग हात तिथेच थांबला.

तूच लाव आई, उजवीकडे. इथेच टेबलाशी बसून म्हणाला होता. आणि मी हसले होते. बाजू विसरलास म्हणून चिडवलं होतं त्याला. आणि तो पण हसला होता, चुकलंच म्हणाला होता, माझ्यासाठी.

विसरला नव्हता तो. माझ्या तोंडावर सांगत होता, आणि मी त्याची चूक सुधारत होते.

ग्वेनची गाडी आलीय. ती हॉर्न वाजवत नाही, दिवे बंद करून नुसती थांबते. पदकं लावली, त्याने सांगितली होती तशी, उजवीकडे. टाचणी बोटात गेली, कोटावर थोडं रक्त लागलंय. काळ्यावर दिसणार नाही. जाते.